नवी कोरी स्पोर्ट्स कार टारमॅक रॅलीसाठी तयार करताना

शोरूममधून गाडी घरी आली की पहिली चर्चा ताकदीची सुरू होते. एक्झॉस्ट कुठला घ्यायचा, ट्यून कुणाकडून करायचे, किती किलोवॅट वाढतील. टारमॅक रॅलीत उतरायचे असेल तर ही यादी उलटी धरा. आधी आतल्या दोघांचा, म्हणजे चालकाचा आणि शेजारी बसून रस्त्याच्या नोट्स वाचणाऱ्या को-ड्रायव्हरचा जीव, मग ब्रेक, मग टायर, मग सस्पेन्शन, मग इंजिनाचा ताप. ताकद सर्वांत शेवटी, आणि पहिल्या वर्षी तर तिचे नावच काढू नका.

हा लेख ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळींना डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे, कारण डांबरी रस्त्यावरच्या रॅलीची इथे मोठी परंपरा आहे. सिसिलीत 1906 साली सुरू झालेल्या टार्गा फ्लोरिओ या शर्यतीवरून स्फूर्ती घेऊन 1992 मध्ये टार्गा टास्मानिया सुरू झाली. सामान्य वाहतुकीचे रस्ते काही तास बंद करायचे आणि त्यावर घड्याळाशी शर्यत करायची, असा हा प्रकार. 2021 च्या स्पर्धेत तिघांचा आणि 2022 मध्ये आणखी एका स्पर्धकाचा मृत्यू झाला, आणि ती स्पर्धा थांबली. ॲडलेडभोवतीच्या टेकड्यांत नोव्हेंबरच्या अखेरीस होणारी ॲडलेड रॅली हे आज नवख्याला परवडेल असे एक ठिकाण. त्या मृत्यूंनंतरच्या चौकशी, समित्या, अहवाल यांतून नियम कडक झाले आहेत. "मागच्या वेळी चाललं होतं" हे वाक्य आता तपासनीस ऐकून घेत नाहीत, आणि ते बरेच आहे.

नाशिकजवळची रॅली ऑफ महाराष्ट्र ज्यांनी पाहिली आहे त्यांनी तिथले चित्र जरा बाजूला ठेवावे. मातीवर गाडी घसरते, वेग कमी असतो, चूक झाली तर धूळ उडते आणि बऱ्याचदा पुढे जाता येते. डांबरावर पकड जास्त म्हणून वेग जास्त, आणि रस्त्याच्या कडेला थेट निलगिरीचे झाड. सर्किटवर असते तशी खडीची मोकळी जागा इथे नाही.

उदाहरणासाठी टोयोटा जीआर86 घेतो. 2.4 लिटरचे बॉक्सर इंजिन, 174 किलोवॅट, 250 न्यूटन-मीटर, मागच्या चाकांना ताकद, टॉर्सन डिफरन्शियल आणि हाताने ओढायचा हँडब्रेक. ऑस्ट्रेलियात याच गाडीची वनमेक (सगळ्यांना एकच मॉडेल) शर्यतमालिका चालते, त्यामुळे सुटे भाग आणि जाणकार गॅरेज दोन्ही सापडतात. तुमची गाडी माझदा एमएक्स-5 असो की आणखी काही, क्रम तोच.

आधी कागद, मग पाना

स्पर्धेचे नियमपुस्तक आणि त्या वर्षीची पूरक नियमावली डाउनलोड करा आणि एकही वस्तू विकत घेण्याआधी पूर्ण वाचा. कोणता वर्ग, त्या वर्गात कोणते टायर, किती टायर, कोणते बदल चालतात, केज (गाडीच्या आत बसवायचा पोलादी नळ्यांचा सांगाडा) सक्तीचा आहे का, हे सगळे त्यातच असते. आधी कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे सस्पेन्शन) घ्यायचे आणि मग कळायचे की आपल्या वर्गात ते चालत नाहीत, असे लोक दर वर्षी भेटतात.

बहुतेक टारमॅक रॅलींना टूर नावाची शाखा असते. पुढे आयोजकांची गाडी, मागे तुम्ही, वेगाला मर्यादा आणि वेळ मोजणे नाही. नवख्याने पहिली खेप टूरमध्येच करावी हे माझे ठाम मत. जवळजवळ कारखान्यातल्याच अवस्थेतली गाडी चालते, रस्ते कळतात, आणि स्पर्धेवर पैसे घालायचे की नाही हे अंदाजावर ठरवावे लागत नाही.

दोन कागद आणखी. नेहमीचा कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा मोटरस्पोर्टला लागू होत नाही. टारमॅक रॅलीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि टूरसाठीसुद्धा आपल्या विमा कंपनीला लेखी विचारा. फोनवरच्या "हो, चालेल"ला काही किंमत नाही. वॉरंटीच्या पुस्तिकेत स्पर्धेबद्दल काय लिहिले आहे तेही वाचा. आणि गाडी रस्त्यावर नोंदलेली राहणार आहे हे विसरू नका, कारण एका स्टेजकडून (घड्याळाशी शर्यतीच्या बंद रस्त्याकडून) दुसऱ्या स्टेजकडे तुम्ही सामान्य वाहतुकीतून, सिग्नल पाळत जाणार आहात. केज आणि सीट बदलल्यावर राज्याच्या योजनेखाली अभियंत्याचे प्रमाणपत्र लागू शकते: व्हिक्टोरियात व्हीएएसएस, न्यू साउथ वेल्समध्ये व्हीएससीसीएस. हा अभियंता काम सुरू होण्याआधी गाठायचा असतो. वेल्डिंग झाल्यावर त्याच्याकडे गेलात तर तो आधी झाकलेले सांधे उघडायला सांगेल.

गाडी मुरू द्या

पहिले 1,600 किलोमीटर इंजिन 4,000 आरपीएमच्या वर नेऊ नका, असे या गाडीचे मालकपुस्तकच सांगते. ते झाले की ऑइल आणि फिल्टर बदला. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ऑइलही या टप्प्यावर बदलून टाकलेले बरे, नव्या गिअरचा बारीक चुरा त्यात उतरलेला असतो. या काळात गाडीला हात लावू नका, फक्त चालवा. पावसात, रात्री, घाटात. ती मूळ अवस्थेत कशी वळते हे अंगात भिनले नसेल, तर नंतरचा प्रत्येक बदल सुधारणाच वाटतो.

केज, सीट, पट्टे

खर्चाचा सर्वांत मोठा आकडा इथे जाईल, आणि जाऊ द्यावा.

एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या 'जे' परिशिष्टातले कलम 253 हे केजचे मूळ व्याकरण. मुख्य हूपची (सीटमागच्या कमानीची) नळी 45 मिमी व्यासाची आणि 2.5 मिमी जाडीची, किंवा 50 मिमी आणि 2 मिमी. बाकीच्या नळ्या 38 × 2.5 किंवा 40 × 2. पोलाद थंड ओढलेले, बिनजोडाचे. केजचा पाय जिथे गाडीच्या अंगावर बसतो तिथे किमान 3 मिमी जाडीची, 120 चौरस सेंटिमीटरची पट्टी लागते. हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण केज बांधणाऱ्यासमोर उभे राहून एवढे विचारता आले की समोरच्याचा सूर बदलतो.

नव्या गाडीत वेल्डिंग करताना बॅटरी सोडवणे, कंट्रोल युनिट बाजूला करणे, काचांवर आणि डॅशबोर्डवर जाड ओले कापड टाकणे, ही कामे कोण करणार हे आधी ठरवा. विंडस्क्रीनवर वेल्डिंगची ठिणगी पडली की काचेत बारीक काळा ठिपका बसतो, आणि तो पुसला जात नाही.

सीट बदलली की सीटमधली साइड एअरबॅग आणि प्रवासी ओळखणारा सेन्सर दोन्ही जातात, आणि डॅशवर एअरबॅगचा दिवा पेटतो. छताकडची पडद्यासारखी एअरबॅग केजच्या नळीशी भांडते. हे काम एअरबॅगची माहिती असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, आणि अभियंत्याच्या कागदावर त्याची नोंद येऊ द्या. यूट्यूब पाहून एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका.

सीटवर एफआयए 8855 किंवा 8862, हार्नेसवर (सीटच्या पट्ट्यांवर) 8853, हेल्मेटवर 8859 किंवा स्नेलचे चालू मानक, मानेच्या संरक्षणावर 8858, सूटवर 8856. लेबल पाहा आणि त्यावरचे साल पाहा. हार्नेसची मुदत संपलेली असेल तर तो कितीही नवा दिसो, तपासनीस कापडाकडे बघतच नाही. म्हणून जुना हार्नेस स्वस्तात घेणे हा खोटा वाचवलेला पैसा.

खांद्याचे पट्टे मागे कुठे बांधले जातात इकडे लक्ष द्या. मान सांभाळणारे उपकरण वापरताना ते खांद्यापासून मागे आडव्या रेषेत किंवा किंचित खाली, 20 अंशांच्या आत जायला हवेत. जास्त खाली ओढले तर धडकेत पाठीच्या कण्यावर दाब येतो. सीट बसवून, हेल्मेट घालून, दोघांनीही पट्टे आवळून पाहा. मग डोळे मिटा आणि पट्टा कापायचे कटर, अग्निशामक आणि दरवाजाचे हँडल हाताला लागते का ते बघा. हाताला लागले नाही तर त्याची जागा चुकली. डोक्याजवळच्या नळीवर 8857 मानकाचे पॅडिंग हवे. साधा फोम फक्त शोभेला.

ब्रेक

सर्किटवर गाडी चालवलेली माणसे इथे हमखास चुकीचा पॅड घेऊन येतात. सर्किटचा पॅड गरम झाल्यावर चावतो. रॅलीत तुम्ही वीस मिनिटे शांतपणे रस्त्याने येता, स्टेजच्या सुरुवातीला रांगेत उभे राहता, ब्रेक थंडगार झालेले असतात, आणि पहिले अवघड वळण सुरुवातीपासून तीनशे मीटरवर असू शकते. तिथे पॅडने लगेच धरले पाहिजे, आणि आठ-दहा किलोमीटरच्या उताराच्या शेवटीही धरून राहिले पाहिजे. म्हणून थंडपणी चावणारा पण वरची तापमानमर्यादा चांगली असलेला पॅड घ्या. पुढे-मागे एकाच कुळातला घ्या. पुढे कडक आणि मागे कारखान्याचा ठेवला तर ब्रेकचा तोल बदलतो.

ब्रेक ऑइल डॉट 4 चे, पण रेसिंगचे. साध्या डॉट 4 चा किमान उत्कलनबिंदू कोरडेपणी 230 अंश सेल्सियस, आणि ओलावा शोषल्यावर 155. रेसिंगचे ऑइल 300 च्या वर जाते. तेही हवेतले पाणी ओढतेच, म्हणून उघडलेला डबा पुढच्या रॅलीसाठी जपून ठेवायचा नाही. सिलिकॉनचे डॉट 5 एबीएसच्या गाडीत नको. स्टीलच्या जाळीचे होज लावलेत तर चाक पूर्ण वळवून, पूर्ण लोंबकळवून कुठे घासत नाही ना ते पाहा.

नवे पॅड मुरवावे लागतात. रिकाम्या, सुरक्षित रस्त्यावर मध्यम वेगातून जोर वाढवत नेऊन ब्रेक लावायचे, पण पूर्ण थांबायचे नाही, आणि शेवटी ब्रेक न लावता बराच वेळ चालवून थंड करायचे. डिस्कवर एकसारखा राखाडी थर दिसला की झाले.

आणि एक सवय लावून घ्या. स्टेज संपून तुम्ही स्टॉप कंट्रोलला पोहोचता तेव्हा डिस्क भयंकर तापलेली असते. तिथे पेडल दाबून बसलात तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढच्या स्टेजला स्टिअरिंग थरथरते. मग लोक म्हणतात डिस्क वाकली. वेग आधीच काढून घ्या, शक्य तितका हलका पाय ठेवा, सर्व्हिसला (दुरुस्तीच्या थांब्यावर) पोहोचल्यावर गिअरमध्ये टाकून चाकाला ठोकळा लावा.

टायर आणि हवा

नियमाने दिले आहे त्यातला सर्वांत चिकट टायर घ्यायचा मोह होतो. कोरड्या डांबरावर तो छानच. पण टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्वीन्सटाउनकडे, वर्षाला 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथला ओला, सावलीतला, शेवाळ धरलेला रस्ता म्हणजे श्रावणातला आंबोली घाट. अशा ठिकाणी खाच नसलेला टायर पाण्यावर तरंगतो. उलट ॲडलेडला नोव्हेंबरच्या अखेरीस पारा 35 च्या वर जाऊ शकतो, आणि मऊ रबर पहिल्या दिवसात संपते. पहिल्या स्पर्धेला चांगला रोड टायर, पावसात विश्वासाचा, हा शहाणपणाचा पर्याय. टायरमुळे हरलात असे पहिल्या वर्षी होणार नाही.

दारावरच्या स्टिकरवर थंड टायरमधली हवा 240 किलोपास्कल, म्हणजे साधारण 35 पीएसआय लिहिलेली असते. स्टेजमध्ये टायर तापून हवा चार-सहा पीएसआयने वाढते, म्हणून सुरुवात खालून करतात. किती खालून, हे टायरवर आणि दिवसावर ठरते. स्टेजच्या शेवटी गरम असताना मोजा, वहीत लिहा, आणि चारही टायरांच्या कडेची झीज हाताने चाचपून पाहा. स्वतःचा एकच मापक वापरा. पेट्रोल पंपावरच्या मीटरशी तुलना करू नका.

चाकाचे नट टॉर्क रेंचने 120 न्यूटन-मीटरला, पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा. हवेच्या गनने आवळून "झालं" म्हणणारा मेकॅनिक तुमच्या सर्व्हिस टीममध्ये नको.

उंची कमी करण्याचा मोह

खाली दबलेली गाडी फोटोत छान दिसते. बंद केलेला ग्रामीण रस्ता सर्किटसारखा सपाट नसतो: मध्येच उंचवटा, वळणाच्या आत ठिगळ, पुलाच्या सांध्याला पायरी. सस्पेन्शनला प्रवास उरला नाही की गाडी बंपस्टॉपवर (सस्पेन्शनच्या शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) आदळते आणि वळणाच्या मध्यावर पकड सुटते. उंची कारखान्याच्या जवळच ठेवा, आणि पैसे घालायचेच असतील तर चांगल्या डॅम्परवर (शॉक ॲब्सॉर्बरवर) घाला. कडक स्प्रिंगने गाडी वेगवान होत नाही, नाचते.

अलाइनमेंटमध्ये मात्र स्वस्तात खूप मिळते. या गाडीच्या पुढच्या चाकांना कारखान्यातून कँबर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, जवळजवळ शून्य असते. कँबर बोल्टने साधारण एक ते दीड अंश ऋण, म्हणजे चाकाचे वरचे टोक आत, मिळतो. तेवढ्याने पुढचे टोक वळणात धरू लागते आणि टायरची बाहेरची कडही वाचते. अलाइनमेंट करताना दोघांच्या वजनाइतकी ओझी सीटवर ठेवायला सांगा, आणि टाकी अर्धी भरलेली हवी. गॅरेजवाला हसेल, हसू द्या.

इंजिनाखाली जाड ॲल्युमिनियमची पाटी लावा. हवा जायला आणि ऑइल बदलायला छिद्रे असलेली घ्या, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसला ती उतरवत बसाल.

ऑइल आणि ताप

या इंजिनात लांब उजव्या वळणावर, चिकट टायर असताना, ऑइलचा दाब पडतो हे गाडीप्रेमींच्या वर्तुळात चर्चिले जाते. रॅलीत वळणे सर्किटइतकी लांब क्वचितच असतात, तरी ऑइलच्या दाबाचा मीटर आणि चेतावणीचा लाल दिवा लावून घ्या. दिवा को-ड्रायव्हरला दिसेल असा हवा, कारण तुम्ही रस्ता पाहत असणार. ऑइलची पातळी वरच्या खुणेपाशी ठेवा आणि रोज सकाळी डिपस्टिक काढा. संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) बॅफल, म्हणजे ऑइल अडवणारे पडदे, टाकायचे की नाही हे नियमपुस्तक आणि इंजिन उघडणारा माणूस यांच्याशी बोलून ठरवा.

पेट्रोल 98 ऑक्टेनचे, टाकी 50 लिटरची. स्टेजमध्ये गाडी रस्त्याच्या दुपटीहून जास्त पिते, आणि गावाकडच्या पंपावर 98 असतेच असे नाही. रूट बुकमध्ये (आयोजकांच्या मार्गपुस्तिकेत) इंधनाच्या जागांवर पेनाने गोल करा.

को-ड्रायव्हरची बाजू

बहुतेक नवखे डाव्या सीटचा विचार शेवटी करतात. इंटरकॉम चांगला घ्या. टेराट्रिप किंवा मोनिटसारखा रॅली कॉम्प्युटर आयोजकांनी मोजून दिलेल्या अंतरावर जुळवून घ्या, नाहीतर वीस किलोमीटरनंतर नोट्स आणि रस्ता यांची फारकत होते. पाय टेकायला खाली पक्की पाटी, रात्रीसाठी वाकणारा दिवा, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. आणि वळणावळणाच्या रस्त्यावर खाली मान घालून वाचल्यावर त्याला मळमळते की नाही, हे स्पर्धेआधी कळायला हवे.

आयोजकांनी सांगितले असेल तर रॅलीसेफ या उपकरणाची वायरिंग आणि अँटेना आधी बसवून घ्यावी लागते. टास्मानियात जन्मलेली ही यंत्रणा गाडी कुठे थांबली आहे ते नियंत्रणकक्षाला सांगते आणि मागून येणाऱ्या गाडीला धोक्याची सूचना देते. गाडी थांबली आणि तुम्ही ठीक असाल तर ओकेचे बटण दाबणे, हिरवी पाटी दाखवणे, त्रिकोण मागे नेऊन ठेवणे, हे कोण करणार ते घरीच ठरवा. नवरा-बायको जोडीने जाणार असाल तर जरा जास्तच स्पष्ट ठरवा.

पेसनोट्स, म्हणजे को-ड्रायव्हर वाचतो त्या वळणांच्या नोंदी, आयोजक देतात किंवा विकत मिळतात. त्या दुसऱ्याच्या डोळ्यांनी लिहिलेल्या असतात. रेकीला (स्पर्धेआधी रस्ता पाहून घ्यायला) परवानगी असेल तेव्हा कायद्याच्या वेगात रस्ता पाहा आणि जिथे तुमचे मत वेगळे पडते तिथे सावध बाजूने दुरुस्ती करा.

स्क्रुटिनी (गाडीची तपासणी) आणि पहिली चाचणी

तपासनीस अग्निशामकाचे सिलिंडर दोन्ही हातांनी धरून जोरात हलवतो. ते प्लास्टिकच्या क्लिपवर बसवले असेल तर तिथेच विषय संपतो. धातूचे पट्टे आणि चटकन सुटणारा खटका हवा. मग तो बॅटरीचे बंधन, टो हुकाचा रंग, हार्नेसचे बोल्ट, हेल्मेटची लेबले पाहतो. आदल्या आठवड्यात मित्राला यादी देऊन घरीच अशी स्क्रुटिनी करून घ्या, आणि तो मित्र थोडा खडूस असेल तर उत्तम. गाडीत सुटी वस्तू एकही नको: पाण्याची बाटली, फोन, मुलाचे खेळणे, सीटखालचे नाणेसुद्धा.

सगळे बसवून झाल्यावर रॅलीच्या निदान तीन आठवडे आधी एका ट्रॅक डेला जा. वेळ मोजू नका. पाच-सहा फेऱ्या, पिट, बॉनेट उघडा, गळती पाहा, प्रत्येक नवा बोल्ट पुन्हा आवळा आणि त्यावर रंगाच्या पेनाने रेघ ओढा. रेघ सरकली की बोल्ट सुटतोय हे लांबूनच कळते. पेडल लांब जात असेल तर ब्रेकमधली हवा काढा. मग पुन्हा पाच-सहा फेऱ्या.

सर्व्हिसच्या पेटीत काय न्यावे यावर प्रत्येकाची वेगळी पोथी असते. माझी छोटी आहे: पुढच्या पॅडचा संच, दोन सीलबंद ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, जॅक आणि स्टँड, टॉर्क रेंच, फॅनबेल्ट, फ्यूज, केबल टाय, चिकटपट्टी, डोक्याला बांधायचा टॉर्च, दोन टॉवेल. आणि एक स्पेअर चाक, कारण नव्या स्पोर्ट्स कारमध्ये बऱ्याचदा त्याऐवजी पंक्चर दुरुस्तीची बाटली दिलेली असते, आणि कडेने फाटलेल्या टायरपुढे ती बाटली काही करू शकत नाही.

रॅलीहून परतल्यावर गाडी धुण्याआधी चाके काढा. पॅडची उरलेली जाडी, डिस्कवरच्या भेगा, चाकाच्या आतल्या कडेला बसलेला वाक, ड्राइव्हशाफ्टच्या रबरी बूटमधून उडालेले ग्रीस, हे धूळ असतानाच जास्त नीट दिसते. इंजिन ऑइल आणि ब्रेक ऑइल त्याच आठवड्यात बदला, आणि सगळे वहीत तारखेसह लिहा.